सोनगीरला न दिलेला चाबूक

धरणगावात सुपडू नानांकडे चाबूक मिळे, पण एकट्या माणसाला मिळत नसे. बरोबर बैल आणावा लागे. गिऱ्हाईक कितीही मातब्बर असो, ते ओसरीच्या पायऱ्या चढायला लागलं की नाना हातातली कातडं कापायची रापी खाली न ठेवता म्हणायचे, "पहिले बैल दखाड."

बैल दाखवला की परीक्षा सुरू. नाना उठत, धोतराला हात पुसत आणि डोळे मिटून बैलाच्या पाठीवरून तळहात फिरवत. मानेपासून निघालेला तो हात शेपटीपर्यंत सावकाश जाई. मग जू बसतं तिथे खांद्यावर बोटांनी दाबून पाहत. शेवटी डोळे उघडून मालकाला एकच प्रश्न विचारत, "नाव काय यानं?" मालक बैलाचं नाव सांगताना जरा जरी अडखळला तरी संपलं. "नाव याद नही आनि चाबूक जोयजे," असं स्वतःशीच बोलत नाना पुन्हा वाद्या विणायला बसत. पाठीवर वळ सापडला तर त्याहून वाईट. मग ते रस्त्यापलीकडे बोट दाखवत आणि पंधरा दिवसांनी यायला सांगत.

रस्त्यापलीकडे मी होतो.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा मी नगरकडून बदली होऊन तिथल्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आलो. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येत. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे मी, एक मोडकं टेबल आणि मलमाचा भला मोठा डबा. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे इतके बैल आले की मी हरखून गेलो. नगरला चार वर्षांत माझी एवढी कीर्ती झाली नव्हती. घरी पत्रही लिहिलं, की इथले लोक मला फार मानतात. पुढे कळलं की हे सगळे नानांच्या परीक्षेत नापास झालेले बैल. "मलम लाव, पंधरा दिनमा ये," हे औषधही नानांनीच लिहून दिलेलं असायचं, मी आपला डबा उघडायचा धनी. वरून पाहणीसाठी आलेल्या साहेबांनी 'या भागातला शेतकरी जनावरांच्या उपचाराबाबत जागरूक आहे' असा शेरा मारला आणि माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. रस्त्यापलीकडे नाना शांतपणे वादीला तेल चोळत बसले होते.

नाना साठीच्या आसपासचे. अंगाने काटकुळे, पण पंजे एखाद्या पहिलवानाचे वाटावेत असे. त्यांचे वडील चाबूकच करत, आजेही. कातडं भिजत घालायचं, रापीने त्याच्या सारख्या रुंदीच्या लांब वाद्या कापायच्या, त्यांना तिळाचं तेल आणि चरबी पाजायची, आणि मग चार, सहा किंवा आठ पदरांची वेणी घालत यायचं. मुळाशी अंगठ्याएवढी जाड, आणि टोकाला येईतो उंदराच्या शेपटीएवढी. त्या टोकाला अंबाडीच्या सुताचा वीतभर तुकडा. नाना त्याला 'जीभ' म्हणत. जीभ नीट बसली की चाबूक हवेत बोलतो, आणि बोलता आलं की कुणाच्या अंगाला लागायची त्याला गरजच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या चाबकाचा आवाज मी ऐकलेला आहे. दवाखान्याच्या खिडकीतून ऐकला तरी माझ्या हातून डबा पडायचा.

पण नाना 'चाबूक विकतो' असं चुकूनही म्हणत नसत. "मी चाबूक इकस नही," ते म्हणायचे, "मी आंडेर देस." आंडेर म्हणजे मुलगी. हे नुसतं बोलणं नव्हतं. ते सगळा व्यवहार तसाच करत. बैल पसंत पडला म्हणजे स्थळ पसंत पडलं. मग दांड्याला हळदीचं बोट लावायचं, चाबकाचं नाव सांगायचं (काशी, तुळसा, चिमणी, भागा) आणि मालकाच्या दोन्ही हातांत तो ठेवताना बजावायचं: ओसरीत टांगा, गोठ्यात टाकू नका, उंदीर खातील. पावसात भिजली तर चुलीजवळ नेऊ नका. आठवडी बाजाराला तो मालक पुन्हा दिसला, की नाना भर रस्त्यात थांबवून विचारणार, "काशी नांदी राह्यनी ना?" परगावच्या माणसाला वाटे की याची मुलगी त्या घरात दिली आहे. आणि मालकही न हसता सांगे, "नांदी राह्यनी नाना, बठ्ठा घरले आवडस."

पोळ्याला तर मौज असे. त्या दिवशी बैलांना सुट्टी, म्हणजे चाबकांनाही. आजूबाजूच्या गावांतले सगळे चाबूक त्या दिवशी नानांच्या ओसरीवर माहेरपणाला येत. खुंट्या पुरत नसत, म्हणून दोरी बांधून त्यावर टांगत. नाना प्रत्येकीला खाली घेत, तेल लावत, सैल झालेली वीण घट्ट करत आणि गप्पा मारत. "काय वो काशी, बारीक व्हई गयी माय! खायाले देतस नही का?" काशीचा मालक बाजूला उभा राहून खाली बघायचा. एका वर्षी भागाच्या दांड्यावर दातांच्या खुणा निघाल्या. नानांनी मालकाला विचारलं, मालकाने कुत्र्याचं नाव सांगितलं, नानांनी कुत्र्याला आणायला लावलं आणि त्याचे दात तपासून मगच विश्वास ठेवला.

एकदा जळगावचे एक गृहस्थ मोटारीतून आले. दिवाणखान्यात भिंतीवर लावायला त्यांना चाबूक हवा होता. नाना म्हणाले, "पहिले बैल दखाड." गृहस्थ रसिक होते, त्यांनी हसून मोटारीकडे हात केला. आम्हाला वाटलं नाना चिडणार. पण नाना उठले, धोतराला हात पुसले, डोळे मिटून मोटारीच्या पुढच्या भागावर तळहात ठेवला आणि चटका बसून एकदम मागे झाले. मग हात झटकत अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हिले ताप शे. कंपाउंडरकडे लई जा." आणि खरोखरच ती मोटार आमच्या दवाखान्यासमोर येऊन उभी राहिली. मी त्यांना पाणी दिलं, मोटारीलाही दिलं. चाबूक मात्र मिळाला नाही.

अशा या माणसाने खऱ्या मुलीच्या बाबतीत मात्र चूक केली.

जमना ही त्यांची एकुलती एक. आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे तिचं सगळं बालपण नानांच्या ओसरीवर, वाद्यांच्या ढिगात गेलेलं. चुणचुणीत, आणि गंभीर चेहऱ्याने काहीही सांगणारी. ही कला बापाकडूनच आली असणार. तिला सोनगीरचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, निर्व्यसनी होता, आणि नात्यातल्या माणसाने मध्यस्थी केली होती. एका चाबकासाठी सहा सहा महिने चौकशी करणाऱ्या नानांनी मुलीचं लग्न एका बैठकीत ठरवलं. बैल बघायचे राहूनच गेले.

मुलाचे वडील उखा आबा. हमरस्त्यावर गाडीने माल वाहायचे. मोठ्या मिशा, मोठा आवाज, मनाने वाईट नाही, पण मानापानाचे भारी. लग्नात व्याह्याला टोपी-उपरणं द्यायची वेळ आली तेव्हा आबांनी भर मांडवात हात वर केला. "याही, माले टोपी नको, उपरनं नको. तुमना हातना एक चाबूक द्या." मांडव खूश झाला. किती शोभेलसं मागणं! मीसुद्धा टाळी वाजवायच्या बेतात होतो.

नाना पाटावरून उठले. मी टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले, कारण त्यांनी धोतराला हात पुसले होते. ते मांडवाबाहेर गेले, वऱ्हाडाच्या गाड्या सोडल्या होत्या तिथे आबांची जोडी शोधून काढली आणि डोळे मिटून तळहात फिरवला. उजवा बैल पास झाला. डाव्याच्या पाठीवर हात अर्ध्यात थांबला. नाना परत आले, पाटावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आंडेर दिधी, याही. पन चाबूक देवाव नही."

पुढचं सांगायला नको. जेवणं झाली, वरात गेली, जमना गेली, आणि सोनगीरहून निरोप आला: चाबूक धाडा, मंग सून धाडसू.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला आखाजी सांगितली पाहिजे. इतर मुलखात जिला अक्षय्यतृतीया म्हणतात तीच ही. पण इकडे आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. वैशाखात घराघरातून लेकी माहेरी येतात, कडुनिंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. ज्या घरात लेक आली नाही ते घर आखाजीला लांबूनसुद्धा ओळखू येतं.

गल्लीतल्या सगळ्या झोक्यांचे दोर नाना विणून देत. तुटल्याचं कधी ऐकलं नाही. जमनाच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला त्यांनी इतरांचे दोर दिले आणि आपल्या दारच्या निंबालाही झोका बांधला. मी विचारलं, "जमना येतेय वाटतं?" त्यांनी झोक्याची गाठ आणखी एकदा आवळली. दुपारी गल्लीतल्या पोरी नदीकडे गेल्या होत्या. मी खिडकीतून सहज पाहिलं, तर साठीचा माणूस झोक्यावर बसून पायाने हळूहळू ढकलत होता. मी दिसल्यावर ओरडून म्हणाले, "मजबूत शे का देखी राह्यनू!" मी हसलो, आणि खिडकी लावून घेतल्यावर मला फार वाईट वाटलं.

दुसरी आखाजीही तशीच गेली. मी एकदा धीर करून म्हटलं, "नाना, एक चाबूक द्यायला काय जातं? पोर तरी दृष्टीस पडेल." नानांनी रापी थांबवली. "कंपाउंडर, मना हातना चाबूक त्या बैलनी पाठवर पडी. आनि जमना ते रोज आयकी. तिना मनले काय वाटी?" मी पुन्हा चाबकाचा विषय काढला नाही. पण त्या वर्षी पोळ्याला खुंटीवरच्या चाबकांशी ते पहिल्यासारखं बोलले नाहीत, नुसतं तेल लावत राहिले.

तिसऱ्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी एक बैलगाडी गल्लीत शिरली. इतकी हळू, की पुढून चाललेली कोंबडी तिला अडचण वाटावी. गाडीवर मिरच्यांची पोती, पुढे उखा आबा. आबा चाबूक फिरवत होते. चांगला सफाईने, मनगट मोडून फिरवत होते, पण आवाज म्हणून नाही. मिशा तेवढ्या हलत होत्या. आणि पोत्यांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन जमना बसली होती.

काय घडलं होतं ते जमनाने मला नंतर सांगितलं, त्याच गंभीर चेहऱ्याने. पहिलं वर्ष तिने सासऱ्यांची समजूत घालण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी नाद सोडला, सोनगीरच्या बाजारातून कातडं मागवलं आणि स्वतःच आठ पदरी चाबूक विणून सासऱ्यांच्या हातात ठेवला. आबांना आकाश ठेंगणं झालं. बापाने नाकारला तो चाबूक लेकीने दिला! ते गावभर दाखवत फिरले. फक्त एक सांगायचं राहिलं, असं म्हणून जमनाने हळूच सांगितलं, "आबा, आठ पदरना चाबूक कातडीले लागना की वीण सुटी जास." हे धादांत खोटं. पण आबांना कुठून माहीत? सुनेचा चाबूक उसवला तर गावात शोभा. तेव्हापासून बैलाला चाबूक लावायची सोयच उरली नाही.

आणि तो बोलतही नव्हता. हमरस्त्यावर दुसरे गाडीवाले विचारायचे, "आबा, तुमना चाबूकनी जीभ कोठे गयी?" आबांनी धुळ्यात दोन कारागिरांकडून टोकाची जीभ बदलून घेतली, तरी मुकाच. बैलांना तर स्वर्ग मिळाला होता. मार नाही, आवाज नाही, ती आपल्या मर्जीने चालत. धुळ्याचा फेरा एका दिवसाचा दोन दिवसांवर गेला. शेवटी आबा वैतागले तेव्हा सूनबाई चुलीपुढून म्हणाली, "मना बापशिवाय हाई कोनले जमाव नही." नानांनी दारात तरी उभं करावं म्हणून आबांनी तिलाही गाडीत घेतलं.

गाडी थांबली. आबा उतरले. दोन व्याही समोरासमोर उभे राहिले. जमना गाडीतच बसून राहिली, कारण अजून काहीच ठरलेलं नव्हतं. नानांनी मुलीकडे पाहिलं नाही. धोतराला हात पुसले आणि सरळ डाव्या बैलाकडे गेले.

मी दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभा राहिलो. हात मानेपासून निघाला. खांद्यावरून गेला. मागच्या वेळी थांबला होता तिथे आला, आणि पुढे गेला. शेपटीपर्यंत गेला. नानांनी डोळे उघडले आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून हात फिरवला, जणू हिशेब चुकला असावा. पाठ लोण्यासारखी मऊ होती.

"नाव काय यानं?" त्यांनी विचारलं.

"मोत्या," आबा ताबडतोब म्हणाले. "आनि त्यानं राजा."

नानांनी हात पुढे केला. आबांनी चाबूक दिला. नानांनी तो बोटांतून सरकवत नेला. मुळाशी आठ पदर, एकही सैल नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी अभिमान म्हणेन. शेवटच्या वीतभरात बोटं अडली. तिथे वीण उलट फिरवलेली होती, इतक्या सफाईने, की धुळ्याच्या कारागिरांना दिसली नाही. इतकी उत्तम वीण घालणारी पोर शेवटच्या वितीत चुकत नाही. नानांनी मान वर करून पहिल्यांदाच जमनाकडे पाहिलं. जमना निंबाकडे बघत होती.

"मोठं काम शे, याही," नाना गंभीरपणे म्हणाले. "सोडनी पडी, भिजाडनी पडी, इननी पडी, सुकाडनी पडी. चार दिन लागतीन."

आबांनी मिरच्यांच्या पोत्यांकडे पाहिलं. जळगावचा बाजार गाठायचा होता. "बरं," ते म्हणाले. "मी जाईसन येस. तवपावत सूनबाई राही आठे. परत येवावर दोन्ही लई जासू." दोन्ही म्हणजे चाबूक आणि सून. जमना अशी उडी मारून उतरली की पोतं पडता पडता राहिलं.

आता खरं सांगतो. आबांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, मी आत जाऊन चहा टाकला, प्यालो, कप विसळून ठेवला, तोवर समोरून असा आवाज आला की कपाचा कान तुटला. चाबूक दुरुस्त झाला होता. मी बाहेर आलो. नाना चाबूक हातात घेऊन उभे, जमना पदर तोंडाला लावून हसतेय. मी म्हटलं, "नाना, झालं की काम." नानांनी माझ्याकडे पाहिलं, जमनाकडे पाहिलं, मग खाली बसून शांतपणे टोकाची वीण सोडली आणि वाद्या पाण्याच्या घंगाळात टाकून दिल्या.

ते चार दिवस त्या घरासारखं घर गल्लीत दुसरं नव्हतं. जमनाच्या झोक्यावर निम्मी गल्ली बसायची. नाना पुरणपोळ्या खाऊन झोपायचे, उठायचे आणि तेल लावायला घेतलेल्या दुसऱ्या चाबकांशी मोठमोठ्याने गप्पा मारायचे. रोज सकाळी ते घंगाळात ताजं पाणी घालत.

पाचव्या दिवशी ऐन दुपारी आबांची गाडी परत आली. वैशाखाचं ऊन होतं. आमच्याकडे त्या दिवसांत पापड घालून पाठ फिरवावी तोवर खडखडीत होतात, आणि लोखंडी खाटेवर अंग टाकायची कुणाची हिंमत नसते. आबा गाडीतच बसून राहिले, जू तसंच बैलांच्या मानेवर. "चला, सूनबाई. चाबूक लई या."

जमना झोक्यावरून उतरली आणि झोक्याचा दोर धरून उभी राहिली. नानांनी ओसरीच्या दोरीकडे बोट केलं. दोरीवर वाद्या टांगल्या होत्या आणि त्यांतून टपटप पाणी गळत होतं.

"सुकनी नही आजून," नाना म्हणाले.

आबा उतरून ओसरीवर गेले. त्यांनी एक वादी हातात धरली. पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी खालचं भरलेलं घंगाळ पाहिलं. मग नानांकडे पाहिलं. नाना जमिनीकडे बघत होते. मग निंबाखाली दोर धरून उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. त्या माणसाने हमरस्त्यावर गाडी हाकण्यात उभा जन्म घालवला होता. वैशाखातलं ऊन त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आबांनी अंगरख्याच्या बाहीने कपाळावरून वाहणारा घाम पुसला, डोळे बारीक करून वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "खरं शे याही. औंदा उनमा दमच नही."

आणि त्यांनी बैल सोडले.